पैलवान, चालेल का?

वडाळे तलावाभोवती सकाळी सहा ते आठ या वेळात निम्मं पनवेल चालत असतं, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ते थांबलेलं असतं. दहा पावलं टाकायची, कंबरेवर हात ठेवायचे आणि शेजारच्याला विचारायचं, "उपाशीपोटी चालावं की काहीतरी खाऊन?" शेजारचा जे सांगतो त्याच्या बरोबर उलटं तिसऱ्याने कालच सांगितलेलं असतं. मग निवाड्यासाठी चौथा माणूस गाठावा लागतो. हा चौथा माणूस म्हणजे मी.

मलाच का, हे कळण्यासाठी माझा डावा कान बघायला हवा. छापील लेखात तशी सोय नसल्यामुळे वर्णन करतो. वरची पाळी जाड, आतल्या घड्या बुजलेल्या, हाताला घट्ट. असा कान महाराष्ट्रात एकाच जमातीकडे असतो. तालमीत कान घासून, दाबून, आपटून निघतो, कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साकळतं आणि ते वेळेवर काढलं नाही तर तिथे कायमची गाठ धरते. अशा कानाला कोल्हापूर-सांगलीकडे जो मान आहे, तो पदवीलाही नाही. माझा कान मात्र रत्नागिरीहून येताना एसटीत, डोक्यावरच्या फळीवरून पडलेल्या फणसाने मोडला. फणस कुणाचा होता हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्या प्रसंगानंतर गाडीतल्या कुणीच त्याला ओळख दाखवली नाही. घरी आल्यावर हळद लावण्यात आणि "उतरेल, उतरेल" म्हणण्यात दिवस गेले, आणि डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत कानाने आपला आकार कायम केला होता. समोर पैलवान आहे की फणस, हे कूर्चेला कळत नाही.

बाकीचं काम लोकांनी केलं. माझं पोट पाहून ते एकमेकांना समजावतात, "पैलवानकी सुटली की अंग सुटतंच." जिना चढताना मी धापा टाकतो, तर "जुना मार असणार छातीला." मी कधीही खोटं बोललेलो नाही. कुठल्या तालमीत होतात, असं कुणी विचारलंच तर मी प्रबळगडाच्या दिशेला बघतो आणि "गेले ते दिवस" म्हणतो. दिवस गेलेच आहेत. बायकोला हे सगळं माहीत आहे. ती म्हणते, "उद्या कुणी खराखुरा लंगोट बांधून दारात उभा राहिला ना, तर मी त्याला आत घेणार आहे. चहासुद्धा ठेवणार आहे."

पहिला शिष्य तिसऱ्या मजल्यावर निघाला. नोकरी कुर्ल्याला. सकाळी लोकल पनवेलहूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. खरी कुस्ती संध्याकाळी.

"काका, दोन-चार डाव शिकवा. ढाक, कलाजंग, असलं काहीतरी. सहा-साडेसहाची पनवेल गाडी पकडायची असते."

डावांची नावं मलाही वर्तमानपत्रातूनच ठाऊक. पण कानाची अब्रू होती. मी म्हटलं, "ढाक मारायला पाय मोकळा लागतो. कुर्ल्याला चढताना तुझे पाय तुझ्याकडे असतात का?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "नसतात."

"मग एकेरी पट काढ. खाली वाकायचं, समोरच्याचा एक पाय धरायचा आणि उचलायचा."

दुसऱ्या दिवशी रात्री तो पाठीवर हात ठेवून आला. पट काढायला वाकला, तेवढ्यात मागून सगळा फलाट त्याच्यावरून आत शिरला. "वाशीपर्यंत ओणवाच होतो," तो म्हणाला. "पाय धरला होता तो कुणाचा होता तेही दिसलं नाही. पण काका, आत गेलो!" तेव्हापासून तो मला वस्ताद म्हणतो आणि माझी कीर्ती सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली.

मग आयांची रांग लागली. एक बाई सातवीतल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीला कराटे, तायक्वांदो, ज्युडो की बॉक्सिंग, कशाला घालायचं? बायकोने चहा ठेवला. ही संधी मी सोडणार नव्हतो, कारण आदल्या रात्री मी यावर वाचून ठेवलं होतं. ज्युडो जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत सुरू केला, त्यात समोरच्याचाच जोर वापरून त्याला पाडायचं असतं, १९६४ मध्ये तो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. तायक्वांदो कोरियाचा, सगळी भिस्त पायांवर, २००० च्या सिडनीपासून पदकांच्या यादीत. कराटे ओकिनावाचं. ते ऑलिंपिकमध्ये आलं तोक्योला, आणि पॅरिसला लगेच बाहेर गेलं. शेवटी मी गाडी घरी आणली. म्हटलं, आपल्या गोवा रस्त्यावरच्या शिरढोणला १८४५ मध्ये जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत शिकले आणि पुढे इंग्रज सरकारशी भिडले.

बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकलं. "ते बरोबर आहे हो. पण दहावीला वाढीव गुण कशाला मिळतात?"

"मोठ्या स्पर्धांपर्यंत पोहोचली तर—"

"आणि पट्टा कशात लवकर बदलतो? आमच्या भावजयीची मुलगी वर्षभरात हिरव्यावर आली."

इतका वेळ बिस्किटं खाणारी मुलगी पहिल्यांदाच बोलली. "मला कबड्डी खेळायचीय."

रायगड जिल्ह्यात, जिथे गावोगावी पोरं चड्डीतून पॅंटीत यायच्या आत चढाईला जातात, तिथे हे ऐकून मला भरून आलं. आईने मात्र तिच्याकडे दयेने पाहिलं. "अगं, कबड्डीला पट्टा नसतो."

जिममध्ये जाणाऱ्या मुलांचे प्रश्न वेगळे. ते खासगीत विचारतात. लिफ्ट बंद झाली की हळूच, "वस्ताद, दिवसाला दोनशे ग्रॅम प्रोटीन घेतलं तर चालेल?" असं विचारणाऱ्या एकाला मी सांगितलं की हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम म्हणते. तुझं वजन सत्तर, म्हणजे ५८ ग्रॅम. तू वजनं उचलतोस, थोडं जास्त घे. वरण, दूध, मटकी, दाणे, अंडी, मासे, यातून ते होतं. शिवाय याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रोटीनच्या पावडरी टाळा असं स्पष्ट लिहिलं आहे.

"ते इंडियन लोकांसाठी असेल," तो म्हणाला.

"मग तू कुठला?"

"कामोठ्याचा."

त्याच्या स्वयंपाकघरात हंड्याएवढा डबा आहे. त्यावर सिंहाचं चित्र आणि 'व्हे' असं लिहिलेलं. चीज करताना दूध फाटल्यावर जे पाणी उरतं, त्यातली प्रथिनं वाळवून केलेली ही भुकटी. आमच्या आजीचं दूध नासलं की ती त्या पाण्यात कणीक भिजवायची आणि चपात्या कशा मऊ झाल्यात ते गल्लीभर सांगायची. त्या चपात्यांवर सिंह नसल्यामुळे आमची छाती भरली नाही, एवढंच. हा मुलगा रोज अर्धा डझन अंडी फोडतो आणि बलक बाजूला काढतो. मी म्हटलं, अरे, एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं, त्यातला बराच वाटा त्या पिवळ्यात असतो. तेवढ्यात आतून त्याची आई आली. "टाकत नाही हो आम्ही ते. मी आणि याचे बाबा खातो. याचं शरीर होतं आणि आमचं कोलेस्टेरॉल."

हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की या लोकांना माहिती नको आहे. माहिती त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असते, आणि सकाळच्या 'शुभ प्रभात'बरोबर ती ताजी येत असते. मी सरकारी लेखा विभागात नोकरी केली. तिथे फाइल माझ्याकडे यायची तेव्हा टिपणी लिहून झालेली असायची, निर्णयही ठरलेला असायचा, खाली फक्त शिक्का हवा असायचा. निवृत्तीनंतर तेच काम माझा कान करतो आहे. भात बंद करू का, असं मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. रात्रीचा थोडा भात चालेल ना, असं विचारतात. भात आधीच शिजलेला असतो.

बी विंगमधल्या काकूंचंच घ्या. त्यांच्या मुलाने अमेरिकेहून मनगटी घड्याळ पाठवलं, ते पावलं मोजतं. दिवसाला दहा हजार पूर्ण झाली की मनगटावर फटाके उडतात. काकूंचे फटाके दुपारी बारालाच उडायला लागले तेव्हा सोसायटीत कुजबुज सुरू झाली, कारण काकू तलावावर कधी दिसल्या नव्हत्या. तपासाअंती कळलं की त्या तांदळाच्या भाकऱ्या थापतात तेव्हा घड्याळ प्रत्येक थापेला एक पाऊल धरतं. घरात माणसं सात. पाहुणे आले त्या दिवशी काकू स्वयंपाकघरातच नेऱ्यापर्यंत जाऊन आल्या.

"हे चालेल का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं की मुळात हा दहा हजारांचा आकडा १९६५ मध्ये जपानात बाजारात आलेल्या एका यंत्राचा. तोक्यो ऑलिंपिकनंतर तिथे चालायची लाट आली होती, आणि त्या यंत्राचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. नाव आधी ठेवलं, शास्त्र मागाहून आलं.

"म्हणजे आकडा जाहिरातीतला?"

"तसंच म्हणा."

"मग मी आठच करते," काकू म्हणाल्या. "भाकऱ्या धरून."

आहाराच्या बाबतीत मी शक्यतो बोलत नाही. तिथे घरं फुटलेली मी पाहिली आहेत. डॉ. दीक्षितांचे लोक दिवसातून दोनदाच जेवणार, आणि तेही ५५ मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकरांचे लोक दर दोन तासांनी थोडं थोडं, घरचं, इथलं, वर तुपाची धार. दोन्ही बाजूंची माणसं मुळात समजूतदार, पण एकाच लग्नात आली की कार्यालयाला युद्धभूमीचं रूप येतं. आमचे सेक्रेटरी पहिल्या पक्षाचे. परवा एका लग्नात ते ताट घेऊन माझ्यापाशी आले. चेहरा पडलेला. "पैलवान, पहिला घास घेतला तेव्हा घड्याळ लावलं होतं. आता चोपन्नावं मिनिट चालू आहे आणि बासुंदीची रांग पार दरवाज्यापर्यंत गेली आहे. रांगेतला वेळ धरायचा का?" मी कानावरून हात फिरवला आणि रांगेतला वेळ वजा करण्याची परवानगी दिली. कुस्तीतही पंचाने शिट्टी फुंकली की घड्याळ थांबतं, हे त्यांना फार पटलं. मग त्यांनी मठ्ठ्याच्या रांगेचाही वेळ वजा केला.

खरा पेच टाकला तो चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी. मुलीचं लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि स्वतःच्या लग्नातला कोट घालायचा हट्ट. कोटाची बटणं आणि काजी एकमेकांकडे बघत नव्हती. "पॅरिसला त्या अमन सेहरावतने दहा तासांत ४.६ किलो उतरवले, मी वाचलंय. माझ्याकडे चौदा तास आहेत."

मी म्हटलं, तो ५७ किलो गटाचा मल्ल, वय एकवीस. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं, तेही याच ५७ किलोंत. ही माणसं वजन उतरवतात ते बहुतेक पाणी असतं. घाम काढायचा, पाणी तोडायचं, रात्रभर झोपायचं नाही, हे सगळं जाणकारांच्या डोळ्यांखाली. आणि एवढं करूनही विनेश फोगाटला १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून अंतिम फेरी सोडावी लागली.

"शंभर ग्रॅम म्हणजे किती?"

"तुम्ही आत्ता खाल्लेत ते दोन लाडू."

ते जरा गंभीर झाले. "आणि उतरलेलं वजन परत येतं?"

"पाणी प्यायलात की येतं."

"मग कोट घालून झाल्यावर पाणी प्यायचं नाही," असं म्हणून ते निघून गेले. लग्नात त्यांनी कोट खांद्यावर टाकला होता. विचारणाऱ्यांना ते "गरम होतंय" असं सांगत होते. दिवस जानेवारीचे होते.

जानेवारीवरून आठवलं. थंडीत आमच्या भागात पोपटी लागते आणि व्यायाम-आहाराच्या सगळ्या चर्चा शेतावर जातात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, तोंडाशी पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवायचं, भोवती काटक्या-पेंढा रचून पेटवायचं. तेल नाही, पाणी नाही. वर पाणी शिंपडल्यावर चर्र करून उडालं की झालं. हे 'तेल नाही' कुणीतरी मोठ्याने म्हटलं आणि सगळ्यांची तोंडं उजळली. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. "वाल म्हणजे प्रोटीन, अंडी म्हणजे प्रोटीन, कोंबडी म्हणजे प्रोटीन. म्हणजे ही पोपटी नाहीच तसं पाहिलं तर. डाएट आहे." मी मान डोलावली. डाएट मग रात्री अकरापर्यंत चाललं. दुसरं मडकं लागलं. जिमवाल्या मुलाने बलकासकट अंडी खाल्ली, आणि त्याच्या आईला पहिल्यांदाच पांढरं मिळालं.

त्या रात्री शेतमालकाच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ कळंबोलीहून आले होते. लोखंड बाजारात माथाडी म्हणून आयुष्य गेलेलं, त्याआधी तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत. दोन्ही कान मोडलेले, मान नावाची गोष्ट नाही, खांदे थेट डोक्यापासून सुरू. ते शेकोटीजवळ येताच मी मफलर कानावर ओढून घेतला. सेक्रेटरींनी तो मागे सारला. "हे बघा वस्ताद, आमचे पैलवान!"

म्हाताऱ्याने अंगठा आणि बोटाच्या चिमटीत माझा कान धरला, शेकोटीच्या उजेडात वळवला आणि पुढे झुकून हळूच म्हणाला, "ह्यो कान मातीतला न्हाई."

मी गप्प.

"कशानं?"

"फणसानं."

"कापा का बरका?"

"बघायला वेळ मिळाला नाही."

"कापा असनार. पिकला बरका असता तर फुटला असता, कान वाचला असता." त्यांनी कान सोडला. मी कुजबुजत म्हटलं की कृपा करून कुणाला सांगू नका. "मी कशाला सांगतोय?" ते म्हणाले. "आवं, मला बी लोक इचारून इचारून जीव खात्यात. बैठका किती काढू, बदाम भिजवून का कोरडं, पोराला दूध म्हशीचं का गाईचं. आता कळंबोलीचं समदं तुमच्याकडं धाडतो."

मग इकडेतिकडे पाहून त्यांनी कोटाच्या खिशातून एक स्टीलची डबी काढली. आत कणीदार तूप. तांदळाची भाकरी त्यांच्या मांडीवर तयारच होती. तालमीत असताना खुराक काय असायचा ते त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहाटे घोटलेली बदामाची थंडाई, तांब्याने दूध, तुपाला मोजमाप नाही. त्यातल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवला, कारण सांगणाऱ्याचे खांदे समोर होते. आणि मग खासबागच्या मैदानात भल्याभल्यांना घाम फोडलेला तो माणूस आवाज अगदी खाली आणून मला विचारता झाला, "पैलवान, चमचाभर चालंल न्हवं?"

"अहो, मला काय विचारता? तुम्हाला तर सगळं माहीत आहे. डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर न्हाई म्हनला म्हनून तर तुमास्नी इचारतोय."

मी उत्तर द्यायच्या आत त्यांची सून शेकोटीच्या पलीकडून आली. पदर खोचलेला, हात पुढे. "मामा, ती डबी इकडे द्या."

"पैलवानांनी सांगितलंय, एक चमचा चालतोय," म्हातारा निर्विकार चेहऱ्याने म्हणाला.

सुनेने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग तिची नजर कानावर गेली. राग कुठल्या कुठे पळाला. "तुम्हीच का ते वडाळे तलावाचे पैलवान? बरं झालं बाई भेटलात. आमचा मुलगा यंदा सहावीत आहे. कराटेला घालू म्हणतेय, पण त्याचा दम लवकर भरतो, आणि शिवाय भाजी खात नाही—" ती माझ्या शेजारी ऐसपैस बसली, आणि तिच्या पाठीमागे म्हाताऱ्याने डबीत दुसऱ्यांदा भाकरी बुडवली.